१०० वॅटच्या रिगला व्हॉल्व्हचा लिनिअर जोडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांकडे हौशी रेडिओचा (हॅमचा) जनरल श्रेणीचा परवाना आणि १०० वॅटचा आयकॉम आयसी-७३०० हा रिग, म्हणजे सिग्नल पाठवणारा व घेणारा रेडिओ संच, आहे. पुण्यातील एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर ४० मीटर बँडचा (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्हीच्या आकाराचा तारेचा अँटेना, असून, तिथून चौथ्या मजल्यावरच्या शॅकपर्यंत, म्हणजे रेडिओच्या खोलीपर्यंत, आरजी-५८ या बारीक कोअॅक्सची सुमारे ३० मीटर केबल आली आहे. एका ज्येष्ठ हॅमकडून त्यांना दोन ८११ए व्हॉल्व्हचा (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांचा), घरी बांधलेला, रिगची शक्ती वाढवणारा लिनिअर अ‍ॅम्प्लिफायर मिळाला आहे. तो रिगला कसा जोडावा, एएलसीची तार (लिनिअरकडून रिगची शक्ती आपोआप आवरणारी) लागते का आणि रिगमधला, अँटेनाची जुळणी करणारा अँटेना ट्यूनर त्यासोबत चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे लगेच देता येतात. एएलसीची तार जोडू नका आणि लिनिअर चालू असताना रिगचा ट्यूनर बंद ठेवा. पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल. रिग ते लिनिअर ते अँटेना ही केबल प्रत्येकाला दिसते आणि ती सहसा बरोबरच जोडली जाते, पण आजवर मी जी रिग आणि जे लिनिअर जळालेले पाहिले, त्यांतील बहुतेकांचे मरण पीटीटीच्या, म्हणजे ट्रान्समिट सुरू करण्याचा इशारा देणाऱ्या, बारीक तारेत किंवा मेन्सच्या (घरच्या विजेच्या) बाजूला होते.

आधी अपेक्षा ठरवून घेऊ. ८११एला १५०० व्होल्टच्या आसपास एचटी (उच्च दाबाची वीज) दिली, तर दोन व्हॉल्व्हमधून सुमारे ३०० वॅट मिळतात. १०० वरून ३०० म्हणजे ४.८ डीबी (डेसिबल) आणि एस-मीटरवरचा, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरवरचा, एक एस साधारणपणे ६ डीबीचा धरला जातो, म्हणजे समोरच्याला तुमचा सिग्नल एक एसभरही वाढलेला दिसणार नाही. गोंगाटात अर्धवट ऐकू येणारा आवाज तेवढ्याने सुटा होतो आणि ते मोलाचे आहे, पण ज्याला तुम्ही मुळीच ऐकू येत नव्हता, त्याला लिनिअर लावूनही ऐकू येणार नाही. परवान्याचेही पाहून घ्या. जनरल श्रेणीला ४०० वॅटची मर्यादा आहे, रिस्ट्रिक्टेडला ५० वॅटचीच. तुमच्या कागदावरील शब्द डीसी इनपुटचे, म्हणजे व्हॉल्व्हना दिलेल्या शक्तीचे, असतील, तर १५०० व्होल्टला सुमारे २६५ मिलिअँपिअर प्लेट करंट ही तुमची वरची रेषा ठरते आणि ३०० वॅटचा विचार सोडून त्याआधीच थांबावे लागते.

काम अँटेनापासून सुरू करावे, लिनिअरपासून नव्हे. १०० वॅटला ५० ओहमच्या केबलवर ७१ व्होल्ट आणि १.४ अँपिअर असतात; ३०० वॅटला ते १२२ व्होल्ट आणि २.४५ अँपिअर होतात. हे आकडे अक्राळविक्राळ नाहीत, पण अर्धवट झाळलेला पीएल-२५९ कनेक्टर किंवा ओल शिरलेला सांधा १०० वॅट मुकाट्याने सोसतो आणि ३०० वॅटला दगा देतो. माझ्याकडे एका जुलैत असे झाले, की १०० वॅटवर १.३ दिसणारा एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळणी दाखवणारा आकडा; १ सर्वोत्तम) लिनिअर लावताच दोन सेकंदांत ३च्या वर उडी मारायचा आणि पुन्हा १.३वर यायचा. मी दोन संध्याकाळी लिनिअर उघडून बसलो. दोष गच्चीवर होता: बॅरल कनेक्टरवरची चिकटपट्टी उन्हाने तडकली होती, आत पाणी जाऊन केबलची तांब्याची वेणी हिरवी पडली होती आणि शक्ती वाढली की त्याच ठिकाणी ठिणगी पडत होती. तेव्हापासून गच्चीवरच्या प्रत्येक सांध्याला मी आधी ताणून गुंडाळायची रबरी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप लावतो, तिच्यावर साधी विद्युत टेप गुंडाळतो आणि केबल सांध्याकडे खालून वर येईल असा झोळ ठेवतो. पाणी शिरलेल्या केबलची दुसरी गंमत अशी, की तिच्यातला ऱ्हास वाढल्यामुळे परत येणारी शक्तीही वाटेतच जिरते आणि शॅकमधल्या मीटरवर एसडब्ल्यूआर उलट सुधारलेला दिसतो. पावसाळ्यात एसडब्ल्यूआर आपोआप चांगला झाला, तर आनंद मानू नये.

आरजी-५८ बदलावी का? फक्त ४० मीटरवर राहणार असाल, तर घाई नाही. ७ मेगाहर्ट्झला ३० मीटर लांबीत ती एक डीबीहून थोडे जास्त खाते आणि आरजी-२१३ त्याच्या निम्मे. पण पुढे १० मीटर बँडवर जायचे असेल, तर आरजी-५८मध्ये दोन ते अडीच डीबी, म्हणजे जवळपास ४० टक्के शक्ती वाटेत जाईल. लिनिअरने मिळवलेल्या ४.८ डीबीतले निम्मे केबलला वाहून मग अँटेनापाशी काय उरते, याचा हिशेब घालून निर्णय घ्या. बदलायचीच असेल, तर पावसाळ्याआधी बदला.

आता लिनिअर. घरी बांधलेल्या आणि काही वर्षे पडून असलेल्या यंत्राला प्लग लावून थेट स्विच दाबू नये. वरचे झाकण उघडण्याआधी एक गोष्ट पक्की मनात असू द्या: १५०० व्होल्टचा धक्का दुसरी संधी देत नाही. प्लग काढून आपल्या नजरेसमोर टेबलावर ठेवावा, अंगठी आणि धातूचे घड्याळ काढावे, आणि मगच स्क्रू फिरवावेत. अशा यंत्रात एचटीसाठी बहुधा १०० मायक्रोफॅरडचे सहा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येकावर त्याला रिकामे करणारा एक ब्लीडर रेझिस्टर असतो. सर्व ब्लीडर शाबूत असतील, तर अर्ध्या मिनिटात एचटी उतरते. पण सहांपैकी एक ब्लीडर तुटला असेल, तर बाकीचे पाच कपॅसिटर रिकामे होतात आणि सहावा आपले अडीचशे व्होल्ट धरून बसतो. पुढच्या पॅनेलवरचा एचटी मीटर तेव्हा तळाशी टेकल्यासारखाच दिसतो. म्हणून मीटरवर विश्वास न ठेवता लाकडी किंवा फायबरच्या दांडीची शॉर्टिंग स्टिक करावी, तिची तार आधी चासीला (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला) पक्की जोडावी, मग एका १०० ओहमच्या जाड रेझिस्टरमधून आणि त्यानंतर थेट एचटी चासीशी टेकवावी, आणि शेवटी प्रत्येक कपॅसिटरची दोन टोके स्वतंत्रपणे एकमेकांना जोडून तो रिकामा करावा. काम संपेपर्यंत एचटीची मुख्य तार चासीला क्लिप लावून ठेवावी आणि दुसरा हात पाठीमागे असावा. स्वस्त मल्टिमीटरच्या प्रोब ६०० किंवा १००० व्होल्टच्या असतात. त्यांनी १५०० व्होल्ट मोजू नयेत.

आत गेल्यावर आधी मेन्स ट्रान्सफॉर्मरचे टॅप (निरनिराळ्या व्होल्टेजसाठीची जोडटोके) पाहा. ८११एच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट हवे असतात आणि प्रत्येक व्हॉल्व्ह ४ अँपिअर घेतो. ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टच्या टॅपवर असेल आणि तुमच्याकडे रात्री लाइन २४५पर्यंत चढत असेल, तर फिलामेंटला ७ व्होल्ट मिळतात आणि व्हॉल्व्हचे आयुष्य झपाट्याने घटते. एचटी ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी सोडवून ठेवा आणि फक्त फिलामेंट चालू करून व्हॉल्व्हच्या बेसवरच व्होल्टेज मोजा; सहा ते ६.६ यांच्यामध्ये असेल तर पुढे जा. त्यानंतर एचटी पहिल्यांदा द्यायची ती व्हॅरिॲकमधून (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून), अर्ध्यापासून सुरू करून तासा-दोन तासांत हळूहळू वर नेत. पडून राहिलेले इलेक्ट्रोलिटिक असेच पुन्हा माणसात येतात. एकदम पूर्ण व्होल्टेज दिल्यास त्यांतला एखादा फुटतो आणि त्याचा कागद व रस खोलीभर होतो; तो वास आठवडाभर जात नाही, हे अनुभवाने सांगतो.

मेन्सच्या बाजूला हा लिनिअर पूर्ण जोरात तीन ते चार अँपिअर घेईल. ६ अँपिअरचा सॉकेट कागदावर पुरतो, पण मी नेहमी १६ अँपिअरचा सॉकेट, त्याला स्वतंत्र एमसीबी आणि स्वतंत्र वायर घ्यायला सांगतो, कारण बोलण्याच्या लयीनुसार करंट सतत वरखाली होतो आणि ढिल्या सॉकेटमध्ये तो आधी उष्णता व मग काळे डाग पाडतो. जुन्या इमारतींमध्ये तिसऱ्या पिनेला तार असते, पण ती कुठे जाते हे कोणालाच ठाऊक नसते. फेज आणि अर्थमध्ये मल्टिमीटर २३० दाखवतो म्हणून अर्थिंग आहे असे समजू नका. तेवढे तर लोंबकळणारी तारही दाखवू शकते. वायरमनकडून अर्थ टेस्टर लावून तपासून घ्या. यात आणखी एक गैरसमज वारंवार भेटतो: आरएफसाठी (रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या करंटसाठी) वेगळी अर्थ म्हणून चौथ्या मजल्यावरून खाली एक तार सोडायची. ७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी सुमारे साडेदहा मीटर असते आणि तुमच्या खिडकीतून जमिनीपर्यंतची तार जवळपास तेवढीच भरते. खालचे टोक जमिनीत असल्यामुळे वरच्या टोकाला ती आरएफला अर्थ न देता अडवूनच धरते, शिवाय इमारतीच्या अर्थशी ती जोडलेली नसेल तर विजा कडाडण्याच्या दिवसांत दोन अर्थांमधला फरक तुमच्या रिगमधून वाट काढतो. त्याऐवजी रिग, लिनिअर, पॉवर सप्लाय आणि मीटर टेबलामागच्या एका तांब्याच्या पट्टीला आखूड, रुंद वेणीने जोडा आणि ती पट्टी इमारतीच्या अर्थला द्या.

पीटीटीची तार, जिच्यामुळे रिग मरतात, ती आता घेऊ. आयसी-७३००च्या मागे सेंड नावाचा आरसीए जॅक आहे; ट्रान्समिट करताना तो चासीला जोडला जातो आणि त्यावरूनच लिनिअरचा रिले (विजेने चालणारा स्विच) ओढला जातो. या जॅकची क्षमता १६ व्होल्ट डीसी आणि अर्धा अँपिअर एवढीच आहे. जुन्या व्हॉल्व्ह लिनिअरमध्ये रिलेचे व्होल्टेज २४ असू शकते, ४८ असू शकते आणि काहींमध्ये शंभराच्या वरही असते, कारण ते बांधले गेले तेव्हा रिगमध्येही मजबूत रिलेच असायचा. म्हणून सेंडची तार लावण्याआधी लिनिअर चालू करून त्याच्या की जॅकच्या मधल्या पिनेवर आणि चासीमध्ये किती व्होल्ट उभे आहेत ते मोजा, ते डीसी आहेत की एसी ते पाहा, आणि मग मीटर मिलिअँपिअरवर ठेवून तीच दोन टोके जोडा. रिले खट्‌कन बसेल आणि करंट कळेल. दोन्ही आकडे मर्यादेत असले तरी रिलेच्या कॉइलवर उलट दिशेने डायोड आहे का हे डोळ्यांनी पाहा. कॉइल सोडताना ती क्षणभर शेकडो व्होल्टचा उलटा धक्का देते. माझ्या एका जुन्या रिगमधला की करणारा ट्रान्झिस्टर असाच गेला होता. रिले १२ व्होल्टचा होता, मापात होता, आणि चार आण्यांचा डायोड तेवढा नव्हता.

आकडे मर्यादेबाहेर असतील, तर मध्ये १२ व्होल्टचा एक छोटा रिले घाला: रिगचा सेंड त्या छोट्या रिलेच्या कॉइलला, कॉइलवर १एन४००७ डायोड, आणि छोट्या रिलेचे संपर्क लिनिअरच्या की जॅकला. तेथे एमओएसएफईटी किंवा ऑप्टोकपलर लावूनही चालते आणि ते झटपट चालतात, पण पहिल्यांदा करणाऱ्याने रिलेच घ्यावा, कारण त्यात चूक डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते.

येथेच वेळेचा प्रश्न येतो. लिनिअरमधला उघड्या फ्रेमचा मोठा रिले बसायला १५ ते २५ मिलिसेकंद घेतो, त्याआधी मधला छोटा रिले आणखी पाच-सात घेतो. तेवढ्या वेळात रिगने आरएफ सोडले, तर मोठ्या रिलेचे संपर्क ठिणगीत मिटतात आणि क्षणभर रिगला समोर काहीच लोड दिसत नाही. आयसी-७३००च्या मेनूत टीएक्स डिले आहे, तो एचएफ (लघुलहरी) बँडसाठी ३० मिलिसेकंदांवर ठेवा. मग झाकण लावलेल्या लिनिअरजवळ कान नेऊन ऐका: खट्‌ हा आवाज आधी आणि मीटरची सुई नंतर हलली पाहिजे. रिसीव्हिंगमध्ये सिग्नल मधूनच बसू लागला आणि लिनिअरवर टिचकी मारल्यावर परत आला, तर ते रिलेचे संपर्क करपल्याचे लक्षण आहे.

आरएफचा क्रम सोपा आहे: रिगपासून आखूड केबलने लिनिअरचे इनपुट, लिनिअरच्या आउटपुटपासून वॉटमीटर, त्यापुढे ट्यूनर वापरायचाच असेल तर ३०० वॅटहून बऱ्याच अधिक क्षमतेचा, आणि मग अँटेनाची केबल. रिगमधला ट्यूनर बंद का ठेवायचा, तर तो रिग आणि लिनिअरच्या मध्ये बसतो. त्याने अँटेनासाठी लक्षात ठेवलेली जुळणी लिनिअरच्या इनपुटला चुकीचीच असते. आणि लिनिअर ऑपरेटवर असताना रिगचे ट्यूनचे बटण कधीही दाबू नका. तुमचा इन्व्हर्टेड व्ही ४० मीटरवर नीट कापलेला असेल, तर ट्यूनरची गरजच पडू नये. टोके थोडी लांब-आखूड करून एसडब्ल्यूआर १.५च्या आत आणणे हे ३०० वॅटचा ट्यूनर विकत घेण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

एएलसीबद्दल मतभेद आहेत. माझे मत असे, की प्रत्येक लिनिअरचे एएलसी व्होल्टेज आणि प्रत्येक रिगची त्यावरची प्रतिक्रिया वेगळी असते आणि दोघांची जोडी न जुळल्यास आवाज दबतो किंवा फाटतो. रिगची आरएफ पॉवर हाताने कमी ठेवणे हाच खात्रीचा उपाय.

पहिली चाचणी डमी लोडवर (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणाऱ्या रेझिस्टरवर) करा, अँटेनावर नव्हे, आणि रिगची शक्ती १० वॅटवर ठेवून. बांधणाऱ्याने ट्यून आणि लोड या दोन नॉबवर खुणा करून ठेवल्या असतील तर तिथून सुरुवात करा. ट्यून फिरवून आउटपुट जास्तीत जास्त आणा, मग लोड फिरवून आणखी वाढवा, पुन्हा ट्यून. असे करत शक्ती थोडी-थोडी वाढवा. एका वेळी पाच-सात सेकंदांहून अधिक कॅरिअर (अखंड सिग्नल) देऊ नका आणि मध्ये तेवढाच वेळ विसावा द्या. दोन ८११एना पूर्ण आउटपुटसाठी रिगची अर्धी शक्तीही लागत नाही. १०० वॅट दिले की ग्रिड करंट उसळतो, आउटपुट फारसे वाढत नाही आणि वाढतो तो फक्त शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचा चिवडा. सकाळच्या गर्दीत ४० मीटरवर पाच किलोहर्ट्झ अलीकडे बोलणारे लोक मग तुमचे नाव वेगळ्या कारणाने लक्षात ठेवतात.

एफटी८ ही संगणकावरून संदेश पाठवण्याची डिजिटल पद्धत वापरत असाल, तर एक बारकावा आहे. त्यात १५ सेकंदांच्या खिडकीत सुमारे १२.६ सेकंद अखंड कॅरिअर जातो, आणि एका ८११एचा अ‍ॅनोड ६५ वॅट उष्णताच सोसतो. म्हणून लोक रिगची शक्ती कमी करून १५० वॅटवर येतात आणि निश्चिंत होतात. पण ३०० वॅटसाठी जुळवलेल्या लिनिअरला फक्त कमी ड्राइव्ह दिला, तर त्याची कार्यक्षमता घसरते: ६० टक्क्यांच्या जागी ४२ टक्के धरले, तर १५० वॅट बाहेर जाताना आत २०० वॅटहून जास्त उष्णता होते, म्हणजे पूर्वीएवढीच. कमी शक्तीवर आल्यावर ट्यून आणि लोड त्या शक्तीसाठी पुन्हा जुळवावेत. तेव्हा उष्णता १०० वॅटवर येते. खोलीतला दिवा मालवून जाळीतून पाहा. अ‍ॅनोडवर लालसर झाक दिसली तर लगेच थांबा. पंख्याची हवा बाहेर पडायला वर वीतभर जागा मोकळी असू द्या. शॅकमध्ये लिनिअरवर पुस्तके ठेवण्याची सवय अनेकांना असते.

अँटेनावर आल्यावर मायक्रोफोनला ओठ लागताच चुणचुणले, संगणकाचा यूएसबी तुटला किंवा आवाज भरड झाला, तर आरएफ केबलच्या बाहेरच्या बाजूने परत येत आहे. फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जुळते तिथे) १:१चा करंट बालून (हा परतीचा करंट अडवणारी गुंडाळी) नसेल, तर तो लावा: ३१ किंवा ४३ मिक्सच्या मोठ्या फेराइट टोरॉइडवर बारीक कोअ‍ॅक्सचे दहा-बारा वेढे पुरतात. शेजाऱ्यांच्या सेट-टॉप बॉक्सवर चौकोन पडू लागले, तर आधी स्वतःच्या टीव्हीवर तसे होते का ते पाहा. तुमचा टीव्ही स्वच्छ असेल, तर दोष बहुधा त्यांच्या लांबलचक स्पीकर वा केबलच्या तारांत शिरणाऱ्या मूळ सिग्नलचा असतो आणि तिथे फेराइटची एक कडी लावून तो जातो.

गच्चीचे मात्र स्वतः वर जाऊन पाहा. इन्व्हर्टेड व्हीची दोन्ही टोके कठड्याला बांधलेली असतात आणि नेमके टोकांनाच व्होल्टेज सर्वांत जास्त असते. ३०० वॅटला ते हजाराच्या पुढे जाते आणि बोट लागले तर कातडी जळून बारीक पांढरा डाग पडतो. एप्रिल-मेमध्ये त्याच कठड्याजवळ कुरडया आणि पापड वाळत घातलेले असतात, संक्रांतीला मुले पतंगाचा मांजा सोडवायला तिथेच चढतात. टोके नायलॉनच्या दोरीने एवढी वर आणि आत ओढा, की उंच माणसाने हात वर केला तरी तार हाताला येणार नाही, आणि ते होईपर्यंत लिनिअर स्टँडबायवरच ठेवा.